तेलाला विचारा

त्या वर्षी भिलाईच्या रुआबांध्यातल्या त्या गल्लीत एकही फाटक कुरकुरत नव्हतं. दूधवाला आत येऊन ओट्यावर पिशवी ठेवून निघून जायचा, तरी घरच्यांना पत्ता नसायचा. पाहुणे थेट स्वयंपाकघराच्या दारात उगवायचे. ही सगळी रामाजी गिऱ्हेपुंजे यांची करणी होती. त्यांच्या जुन्या मारुतीतून दर महिन्याला निघणारं जळकं तेल कुठे तरी जिरवायला हवं होतं. आधी स्वतःच्या फाटकाच्या बिजागऱ्या झाल्या, मग डाव्या-उजव्या शेजाऱ्यांच्या, मग वाळवी लागू नये म्हणून अख्ख्या गल्लीच्या चौकटी झाल्या. तरी तेल उरलंच. तुळशीमागे काळ्या डब्यांची रांग लागली, तेव्हा त्यांच्या बायको कौशल्याबाई म्हणाल्या, आता उरलेलं माझ्याच डोक्यावर ओता, म्हणजे मीही कुरकुरायची थांबेन.

महिन्याला गाडीचं तेल कोण बदलतं? शहाणा माणूस तरी बदलत नाही. आणि रामाजी शहाणे होते, निदान तेलाच्या बाबतीत तरी. तुमसरकडच्या एका खेड्यातून ते तरणेपणी भिलाईला आले, पोलाद कारखान्यात लागले, आणि रोलिंग मिलच्या खाली, जिथे मोठाल्या टाक्यांमधून वरच्या यंत्रांना तेल चढवतात, त्या तळघरात त्यांनी उभी नोकरी काढली. वर लालभडक लोखंड धावायचं आणि नाव त्याचं व्हायचं. खाली रामाजी तेल बघत बसायचे. त्यांचे वडील शेतकरी. बंडीच्या चाकाला वंगण दिल्याशिवाय ते बैल जुंपत नसत. चाक कुरकुरलं म्हणजे वंगणाची वेळ कधीचीच होऊन गेली, असं ते म्हणायचे. भावांच्या वाटणीत रामाजींच्या वाट्याला जमीन फारशी आली नाही, पण हे वाक्य मात्र अख्खं आलं.

मिलमध्ये तेल कधी बदलायचं याचा तक्ता भिंतीवर लावलेला असायचा. रामाजी त्याच्याकडे पाठ करून बसत. कोणी विचारलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं: तेलाला विचारा. मग ते टाकीतून एक थेंब बोटावर घेत, अंगठ्यानं हळूहळू घासत आणि डोळे मिटत. चांगलं तेल बोटांत सायीसारखं सरकतं. थकलेलं तेल पाण्यासारखं पळतं. आणि ज्यात लोखंडाचा भुगा उतरला आहे ते तेल भाकरीत खडा यावा तसं कचकन लागतं. रामाजी डोळे उघडून 'अजून चालते' किंवा 'काढा' एवढंच म्हणायचे. ते कितीदा बरोबर होते आणि कितीदा चूक, हे देवालाच माहीत, कारण प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईपर्यंत तेल बदलून झालेलं असायचं. पण माणसाचा तोरा असा, की साहेबसुद्धा गुपचूप ऐकायचे.

मारुती त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली, तीही वापरलेली. हौस म्हणून नाही. कौशल्याबाईंच्या पाठीचा मणका सरकलेला होता. स्कूटरवर बसणं शक्य नव्हतं, आणि ऑटोनं एकदा शेजारच्या दुर्गला जाऊन आल्या तर आठवडाभर अंथरुणातून उठल्या नाहीत. पण दुर्गला जाणं तर भाग होतं. तिथे मोहन नगरात त्यांची थोरली बहीण राहायची, सिंधुताई. लकव्यानं सिंधुताईंची डावी बाजू गेली होती, आणि खाटेवरून खिडकी दिसायची तेवढंच त्यांचं जग उरलं होतं. सून वंदना चांगली होती. जेवू घालायची, अंग पुसायची, नाव ठेवायला जागा नव्हती. पण तिला लेकरं होती, नोकरी होती, आणि दिवसाला तास सगळ्यांना सारखेच मिळतात.

सिंधुताईंचे केस मात्र म्हातारपणीही कमरेच्या खाली होते. दर गुरुवारी कौशल्याबाई जाऊन ते सोडायच्या, तेल लावायच्या, गुंता काढायच्या आणि घट्ट वेणी घालून द्यायच्या. लहानपणी गावाकडे सिंधुताईंनी ह्यांची वेणी घातली होती, आता ह्या त्यांची घालत होत्या. त्या वेळात दोघी बहिणी काय बोलायच्या ते रामाजींना कधी कळलं नाही. ते बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसायचे. पण परत येताना कौशल्याबाईंचा चेहरा असा दिसायचा, की आता पुढचा आठवडा निभेल. गुरुवार हा त्या घरातला सण होता. बुधवारी संध्याकाळीच पातोडीची, म्हणजे रश्श्यातल्या बेसनाच्या वड्यांची, तयारी सुरू व्हायची, कारण सिंधुताईंना पातोडी फार आवडायची.

रामाजींनी गाडीची पुढची सीट मागे झुकवून घेतली होती, तिच्यावर गोधडी दुमडून घातली होती. रुआबांध्यापासून मोहन नगरापर्यंतचा प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक गतिरोधक त्यांना पाठ होता. ते एवढ्या हळू चालवत, की सायकलवाले मागे वळून बघायचे. कौशल्याबाईंच्या पाठीला धक्का लागायचा नाही, हे त्यांचं ब्रीद. गाडी जुनी होती, पण तेल त्यांच्या बोटांच्या पहाऱ्यात होतं, म्हणून तिची काळजी नव्हती.

आणि मग दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांनी बॉनेट उघडून तेलाची सळई काढली, थेंब बोटावर घेतला, अंगठा फिरवला, आणि काहीच लागलं नाही. साय नाही, पाणी नाही, कचकच नाही. त्यांना वाटलं, तेलातला जीवच गेला. लगोलग तेल बदललं. बदलताना नव्या डब्यातलं बोटावर घेऊन पाहिलं, तर तेही तसंच. मग दुकानदाराच्या नावानं मनातल्या मनात शिव्या झाल्या. भेसळ, दुसरं काय. तिचा निकाल लावायला ते स्वयंपाकघरात गेले आणि बाटलीतलं जवसाचं तेल बोटावर घेतलं. मग चिमूटभर साखर घेतली. मग मीठ. मीठ चिमटीत धरून ते कितीतरी वेळ ओट्यापाशी उभे राहिले. मीठ डोळ्यांना दिसत होतं, पण बोटांना त्याचा पत्ता नव्हता.

कौशल्याबाईंनी विचारलं, भाजीत मीठ कमी पडलं का? ते म्हणाले, नाही, बरोबर आहे.

तेवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. बोटं गेली तर गेली, आता कुठे मिल चालवायची होती. पण संक्रांतीच्या सुमाराला रामाजी किराण्याच्या दुकानातून एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी चौकातच राहिली होती आणि पायाला त्याची खबर नव्हती. अख्खी गल्ली हसली. समोरचे शामसुंदर, जे कारखान्याच्या ऑफिसातून हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले होते आणि ज्यांचं प्रत्येक गोष्टीवर मत असायचं, ते म्हणाले की रामाजी, जपा, उद्या पाय विसरून याल. रामाजीही हसले. पण हसताना त्यांना चप्पल दिसत नव्हती, त्यांना गुरुवार दिसत होता. ज्या पायाला चप्पल निसटलेली कळत नाही, त्याला ब्रेक कसा कळणार?

ते एकटेच डॉक्टरकडे गेले. शुगर बरीच वर्षं होती, गोळ्या चालू होत्या, गोडही चालू होतं. डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याजवळ टाचणी धरली आणि विचारलं, टोचतं का? रामाजींनी छताकडे बघत उत्तर दिलं की थोडं थोडं. डॉक्टर म्हणाले, काका, मी अजून टोचलंच नाही. नसा वाळत चालल्या होत्या. जेवढं गेलं तेवढं गेलं, राहिलेलं सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. मग लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, गाडी तर चालवत नाही ना? रामाजींनी मान हलवून नाही म्हटलं. आयुष्यात ते फार खोटं बोललेले नव्हते, आणि हे एकच एवढं मोठं निघालं.

घरी येऊन ते ओट्यावर बसून राहिले. सांगावं तर गाडी गेली. गाडी गेली तर गुरुवार गेला, आणि गुरुवार गेला तर कौशल्याबाईंना काय उरलं? मुलगा कमलेश हैदराबादला. नातवंडं, मोनू आणि टीना, फोनवर हिंदीत 'दादी कैसी हो' म्हणून पळणारी. कौशल्याबाईंचं सगळं सुखदुःख त्या वेणीच्या तासात भरलेलं होतं. रामाजींनी ठरवलं की सांगायचं नाही. पायाला कळत नाही तर कानाला कळेल. इंजिनाच्या आवाजावरून ते ओळखू लागले की पाय किती दाबला गेला. रेडिओ बंद झाला. कौशल्याबाई काही बोलू लागल्या की ते हूं म्हणून गप्प करायचे. कौशल्याबाईंना वाटायचं, म्हातारा हल्ली घुमा झाला.

आणि तेल? त्याला आता विचारता येत नव्हतं. मग कॅलेंडरला विचारायला लागलं, ज्याला ते जन्मभर हसत आले होते. सहा महिने धरावे, तर मधेच तेल खराब झालं आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर? तीन धरावे, तर दोनातच झालं तर? आंधळा माणूस काठी जरा जास्तच आपटतो. तसे ते मनातल्या मनातच सहावरून तीनवर आले, तिनावरून एकावर आले. खरं सांगायचं तर बोटांचं काही करता येत नव्हतं, पायाचं काही करता येत नव्हतं, हातात करण्यासारखं एक तेलच होतं. म्हणून ते तेल बदलत होते. महिन्यातून एका सकाळी विटांवर पुढची चाकं चढवून म्हातारा गाडीखाली सरकायचा, आणि धड काळंही न झालेलं तेल परातीत सांडताना त्याला घडीभर बरं वाटायचं.

गल्लीत मात्र चर्चेला ऊत आला. शामसुंदर आपल्या गाडीचं छापील पुस्तक घेऊन आले आणि बोट ठेवून दाखवलं की दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. रामाजी म्हणाले, ते नव्या गाडीचं. शामसुंदर म्हणाले, मग जुनीला पाच हजार धरा, पण तुमची गाडी महिन्यात दुर्गला चार चकरा मारते, तेवढ्यात तेल काळं तरी कसं होईल? कमलेशनं फोनवर ऐकलं आणि तो अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत चिडला. त्याचं म्हणणं, एवढ्या जुन्या गाडीत जीव कशाला अडकवता, विकून टाका, मी पैसे पाठवतो, टॅक्सीनं जात जा. टॅक्सीवाला गतिरोधकावर कसा उडवतो ते कौशल्याबाईंच्या पाठीला माहीत होतं. त्यांनीच फोन हातात घेऊन सांगितलं की तुझ्या बाबांशिवाय मी कोणाच्या गाडीत बसत नाही. रामाजी हे ऐकत होते. ते उठून बाहेर गेले.

सगळ्यात मुद्द्याचं बोलला तो नत्थू. चौकातला गाड्यांचा मिस्त्री, रामाजींच्या मुलासारखा. नवं तेल घ्यायला ते त्याच्याकडे गेले तेव्हा त्यानं कमी-जास्त हिशेब न सांगता एकच सांगितलं. तेल कितीदाही बदला, त्यानं इंजिन मरत नाही. पण खालचा नट इतक्यांदा उघडणं बरं नाही.

"झन खोल कका," तो छत्तीसगढीत म्हणाला. "चूडी मर जाही."

उघडू नका काका, चूडी मरेल, म्हणजे नटाचे आटे झिजतील. तेलाची टाकी ज्या एका नटावर बंद होते, त्याचेच आटे गेले तर पुढे काय, हे रामाजींना कोणी समजावायची गरज नव्हती. पण नट किती आवळायचा हे पान्याला कळत नाही, हाताला कळतं. एका जागी येऊन नट 'बस' म्हणतो. रामाजींच्या हाताला ते 'बस' ऐकू येईनासं झालं होतं. म्हणून ते आणखी थोडा आवळायचे, आणि मनात शंका राहू नये म्हणून त्यावर आणखी थोडा. दर महिन्याला. नत्थूनं म्हटलं, माझ्याकडे आणत जा, मी करून देतो. पण नत्थूनं केलं असतं तर त्यानं विचारलं असतं की कका, तुम्ही का नाही करत? रामाजी म्हणाले, बघू.

मार्च लागला होता. गुरुवारच्या आदल्याच दिवशी त्यांनी तेल बदललं होतं. गुरुवारी सकाळी कौशल्याबाई खुशीत होत्या. डब्यात पातोडी होती, पिशवीत आवळ्याच्या तेलाची नवी बाटली होती. गोधडीवर टेकून बसल्या आणि म्हणाल्या, ताईची वेणी आज अशी घालते की वंदना पाहत राहील. रामाजी हूं म्हणाले. ते इंजिन ऐकत होते.

दुर्ग लागलं तोवर सगळं ठीक होतं. निदान त्यांना ठीक वाटलं. मागून एक मोटरसायकलवाला हात करून काही ओरडत गेला, ते त्यांनी मनावर घेतलं नाही. हळू चालवतो म्हणून लोक ओरडतातच. गाडीमागे रस्त्यावर काळी रेघ उमटत येत होती, ती त्याला दिसली होती. मग इंजिनातून टकटक सुरू झाली. रामाजींनी मान वाकडी केली.

"हा लाल दिवा कावून लागला?" कौशल्याबाईंनी विचारलं.

दिवा कधीपासून लागला होता कुणास ठाऊक. कान लावून बसलेल्या माणसाचे डोळे तिकडे गेलेच नव्हते. पण त्या क्षणी त्यांना सगळं कळलं: नट पडला, तेल गेलं, आता लगेच थांबायचं. पुढे ओल्या हरभऱ्याच्या जुड्यांची टोपली डोक्यावर घेऊन एक बाई रस्ता ओलांडत होती. रामाजींनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही, उसळली. त्यांनी आणखी जोरात दाबला, सगळा जीव पायात आणून दाबला, आणि गाडी आणखी जोरात सुटली. इंजिन किंचाळलं. मग आत काहीतरी आवळल्यासारखं झालं, इंजिन जागच्या जागी जाम झालं, पुढची चाकं फरफटली आणि गाडी एक मोठा हिसका देऊन उभी राहिली. टोपलीवाली बाई बॉनेटपासून हातभर अंतरावर होती.

तिनं टोपली खाली ठेवली आणि छत्तीसगढीत दोघांचा उद्धार केला. मग ती दुभाजकावर बसून राहिली. रामाजींना उतरताही येत नव्हतं. त्यांनी वाकून पाहिलं. त्यांचा पाय ब्रेकवर नव्हता, अजून गॅसच्या पेडलवर होता, पूर्ण दाबलेला. इंजिनात तेल असतं तर आज ह्या बाईच्या अंगावरून गाडी गेली असती. तेल नव्हतं, म्हणून इंजिन मेलं, आणि इंजिन मेलं म्हणून ती जिवंत होती. जन्मभर तेलाची राखण केलेल्या माणसाला हे पचवणं फार जड गेलं.

शेजारी कौशल्याबाई ओठ दाबून, डोळे मिटून बसल्या होत्या. हिसक्यानं त्यांची पाठ कायमची दुखावली होती, पण ते अजून दोघांना माहीत नव्हतं.

"ब्रेक कावून नाही दाबला तुमी?"

"दाबला होता. मले वाटलं, दाबला."

"वाटलं म्हंजे?"

रामाजींनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. "मले पायाले समजत नाही, कौशल्या. बोटाइलेही नाही समजत. दिवाळीपासून."

 रस्त्यावर माणसं जमली होती, कोणी काचेवर टकटक करत होतं. कौशल्याबाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "आन् तरी मले दर गुरुवारी बाजूले बसवून नेत होते?"

"मी नसतं नेलं तं तुले ताईकडे कोण नेलं असतं?"

कौशल्याबाईंना फार राग आला होता. तो राग पुढेही कित्येक दिवस राहिला, आणि तो योग्यच होता.  पातोडीचा डबा पायाशी उलटला होता आणि रस्सा पायपुसण्यात मुरत होता.

नत्थू टोचनवाली गाडी घेऊन आला. खाली वाकून त्यानं नटाच्या भोकात बोट फिरवलं, ते बाहेर काढून बघितलं आणि पुसलं. चूडी पार मेली होती.  'सांगितलं होतं ना' असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं रामाजींना वाटलं.

कौशल्याबाईंना घरी आणलं ते रुग्णवाहिकेतून, आडवं झोपवून. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पलंग सोडायचा नाही, प्रवासाचं तर नावही काढू नका. कमलेश विमानानं आला. आईजवळ बसला, मग बाहेर येऊन बापाजवळ बसला. तो रागावेल अशी रामाजींनी तयारी ठेवली होती. पण तो एवढंच म्हणाला, "बाबा, सांगून तर पाह्यचं होतं. एक बार बता तो देते."  इंजिन नवं टाकण्यात अर्थ नव्हता आणि चालवणारा उरला नव्हता, तेव्हा हथखोजचा एक भंगारवाला येऊन मारुती घेऊन गेला. साखळीनं ओढत नेताना तिचं मागचं चाक कुरकुरत होतं. रामाजींना ते नीट ऐकू आलं, कान अजून चांगले होते. सीटवरची गोधडी त्यांनी आधीच काढून आणली होती. ती आता कौशल्याबाईंच्या पाठीखाली होती.

कमलेशनं हैदराबादला चला म्हणून फार धरलं. कौशल्याबाई म्हणाल्या, इथून मोहन नगर तरी जवळ आहे. जवळ होतं, हे खरं. पण तीन महिने झाले आणि डॉक्टरांनी पुढचे तीन महिने दिले. ते संपत आले तसे डॉक्टर तारखा सांगायचेही बंद झाले. इकडे एक बहीण खाटेवर, तिकडे दुसरी, आणि मधे अर्ध्या तासाचा रस्ता. रामाजी सकाळी भाजी चिरायचे, तीही चष्मा लावून, कारण बोट कापलं तरी कळत नसे. दुपारी ते गाडी उभी राहायची तिथे खुर्ची टाकून बसायचे. तिथल्या फरशीवर तेलाचा काळा डाग होता. तो त्यांनी घासून पाहिला नाही.

दिवाळी पुन्हा आली तोवर गल्लीतली फाटकं एकेक करून कुरकुरायला लागली होती. शामसुंदर एकदा वाटी घेऊन आले, थोडं जळकं तेल मिळेल का म्हणून. तुळशीमागे शेवटचा एक डबा होता. रामाजींनी तो अख्खा देऊन टाकला.

सिंधुताईंना कौशल्याबाईंनी काहीच कळू दिलं नव्हतं. रामाजींना तशी शपथच घातली होती, आणि वंदनालाही बजावून ठेवलं होतं. ताईला कळलं की मीही अंथरुणाला खिळले, तर ती अन्न सोडेल, असं त्यांना वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं. म्हणून गुरुवारी, जायच्या वेळेला, त्या फोन करायच्या. हात वर उचलला की पाठीत कळ यायची, म्हणून फोन रामाजी त्यांच्या कानाशी धरायचे. एका हातानं धरला तर कधी निसटायचा ते कळायचं नाही, म्हणून दोन्ही हातांनी धरायचे. त्यामुळे तिकडचं बोलणं त्यांनाही ऐकू यायचं.

अशाच एका गुरुवारी सिंधुताईंचा आवाज बारीक लागला. हवापाण्याचं झालं, वंदनाच्या लेकरांचं झालं. मग त्या म्हणाल्या, "कौसी, केस कापून टाकाले लावले मी वंदनाले. तिचा तरी काय दोष, गुंता होऊन जटा होऊन राहिल्या होत्या. आता डोकं हलकं लागते."

कौशल्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं आणि फोनवर आलं. आवाज मात्र त्यांनी सरळ ठेवला. "वाहाडतील पुन्हा," त्या म्हणाल्या. "केसाईचं काय."

"तू येत कावून नाही पण? गाडीले काय झालं?"

"काही नाही झालं. तेल बदलाले टाकली हाये."

"मागच्या गुरुवारीही तेलच बदलून राहिले होते भाऊजी," सिंधुताई म्हणाल्या. "इतक्यांदा बदलवा लागते का तेल?"

कौशल्याबाईंनी रामाजींकडे पाहिलं. त्या दिवसानंतर त्यांनी एवढं सरळ बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

"जुनी गाडी हाये, ताई," त्या म्हणाल्या. "लागते."

रामाजी फोन दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.